बोर्ड उंच लाव

आत्याबाई,

काल टेंभुर्णीत तुमचं पुण्यानुमोदन झालं. विहारासमोर मंडप होता, तुमचा फोटो होता. त्या फोटोत तुम्ही कधी नव्हतात एवढ्या शांत दिसत होतात. त्रिसरण झालं, भंतेजी बोलले, मग गावातली माणसं एकेक करून उठली. नवरा गेल्यावर जाफराबादच्या जिनिंगमध्ये रुई उचलून तुम्ही दोन पोरं कशी वाढवलीत, ते प्रत्येकानं सांगितलं. शेवटी मोठे भाऊजी माईकसमोर आले. म्हणाले, माय शरीरानं मिलिंदकडे जाफराबादला होती, पण मनानं कायम माझ्याजवळ संभाजीनगरला होती. एवढं बोलून त्यांना हुंदका आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला हसू आलं. ते दाबताना वाटलं, एवढ्या मंडपात माझ्याबरोबर हसलं असतं असं एकच माणूस होतं आणि ते फोटोत होतं.

सूनबाईंनी दोन शब्द बोलावेत, असं कोणीतरी म्हणालं. मी मान हलवली. गळा दाटून आला असेल असं समजून कोणी आग्रह केला नाही. गळा मोकळा होता. जे बोलायचं ते मंडपात बोलण्यासारखं नव्हतं, इतकंच. तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. आता लिहायला हरकत नाही.

काल सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणत होते. तुम्ही तशा नव्हतात. तुमच्या तोंडून एखादा गोड शब्द निघाला की मी सावध व्हायचे, मागून काहीतरी येणार म्हणून. पण लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त बारावी होते, आणि मला डी.एड.ला घालायचं तुम्हीच ठरवलंत. मिलिंदला ते पसंत नव्हतं. तुम्ही त्यांना सांगितलंत, भाकरी बडवायला मी आहे घरात, हिला शिकू दे. नोकरी लागली ती पार आष्टीला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. प्रज्ञा तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिला तुम्ही ठेवून घेतलंत. मी शनिवारी एस.टी. बदलत बदलत टेंभुर्णीला पोचायचे आणि माझी पोरगी तुमच्या लुगड्यामागे लपायची. एकदा तुम्ही म्हणालात, "बघ मास्तरीण, वळखत न्हाई तुला. पाव्हनी समजून राह्यली." आणि हसलात. मी चुलीपुढे बसून रडले. तेव्हा तुम्ही तिला उचलून माझ्या मांडीत टाकलंत, कळशी घेतलीत आणि बाहेर गेलात ते दिवस बुडेपर्यंत आला नाहीत. माझ्यासाठी तुम्ही केलेलं प्रत्येक चांगलं काम असंच होतं. आधी जखम करायची, मग बाजूला होऊन जागा द्यायची. आज माझ्या हातात पगार आहे तो तुमच्यामुळे. प्रज्ञा अजून तुम्हाला माय म्हणते, तेही तुमच्यामुळेच.

रुईची ती बारीक धूळ छातीत बसली होती, ती म्हातारपणी वर आली. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑक्सिजनची मशीन रात्रंदिवस लागेल. टेंभुर्णीला लाइट कधी जाते आणि कधी येते याचा नेम नाही, म्हणजे गाव बाद झालं. भाऊजींचा फ्लॅट तळमजल्यावर होता. पण दवाखान्याच्या पॅसेजमध्ये तुम्ही स्ट्रेचरवर असताना त्यांनी सांगून टाकलं की माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या आमच्याकडंच आहेत, जागा कुठंय. राहिलो आम्ही. प्रज्ञा शिकायला बाहेरगावी, आम्ही दोघं जाफराबादला पहिल्या मजल्यावर भाड्यानं, बाहेरून अरुंद जिना. तुम्हाला उंबरा ओलांडला तरी धाप लागत होती. मिलिंद म्हणाले, मी उचलून वर नेत जाईन. तुम्ही म्हणालात, मेल्यावर उचल.

गॅरेजचं मी सुचवलं, कारण दुसरं कोणी काहीच सुचवत नव्हतं. घरमालकांच्या मुलानं गाडी पुण्याला नेल्यापासून आमच्या जिन्याखालचं गॅरेज रिकामं होतं. समोर शटर, एका भिंतीला लोखंडी जाळी, फरशीवर ऑइलचा डाग, छताला एक बल्ब. बाकी एक प्लगसुद्धा नाही. घरमालक नाना भाड्यानं द्यायला तयार झाले, पण त्यांनी आधीच बजावलं की लाइट तुमच्या मीटरवरून घ्या, आणि माझ्या भिंतीला खिळा मारायचा नाही की भोक पाडायचं नाही. जे करायचं ते टेंपरवारी करा, जाताना काढून न्या.

सलीमभाई वायरमन रविवारी आले. त्याच दिवशी भाऊजी मशीन घेऊन आले होते. कोणाची तरी वापरलेली मशीन होती. बंद पडल्यावर वाजते ती तिची शिट्टी बिघडलेली होती, पण हवा बराबर देत होती. तुम्हाला आम्ही सिलिंडर लावून खाटेवर बसवलं होतं. सलीमभाईंनी भिंती पाहिल्या, जाळी पाहिली आणि विचारलं, "पट्टी मारून पक्की फिटिंग करू का टेंपरवारी? पक्कं करायचं तर नानाला मी समजावतो."

भाऊजी म्हणाले, "टेंपरवारीच करा. दोन-तीन महिन्याचा प्रश्न हाय. डॉक्टरनं सांगितलंय."

ते तुमच्या खाटेला टेकूनच उभे होते. सलीमभाई वायरचं भेंडोळं सोडवत बसले, मिलिंद शटरचं कुलूप उघडझाप करत राहिले. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नाकातली नळी नीट केलीत आणि सलीमभाईंना म्हणालात, "बाबा, पंख्यालाबी एक प्लग दे. दोन-तीन महिन्यानी उन्हाळा लागंल."

त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्याचीही चेष्टा केली असती.

आमच्या बाथरूमच्या खिडकीतून वायर खाली आली, जाळीतून आत गेली. खिळा मारायचा नव्हता म्हणून सलीमभाईंनी एका लाकडी फळीवर प्लग आणि बटनं बसवली आणि ती फळी तारेनं जाळीला बांधली, तुमच्या उशाशी, हात लांबवला की पोचेल अशी. पहिलं बटन मशीनचं, दुसरं पंख्याचं, तिसरं दिव्याचं. अर्थिंगची वायर वेगळी ओढली. तुम्ही प्रत्येक बटन एकदा दाबून बघितलंत. म्हणालात, जिनिंगमध्ये मोटारीच्या बटनाला मुकादम हात लावू देत नव्हता, आता माझ्या उशाशी तीन आहेत.

दोन-तीन महिने गेले. उन्हाळा लागला, पंखा फिरला. पाऊस आला, जाळीला मी प्लॅस्टिकचा कागद लावला. तुम्ही होतात. शटर अर्धं वर करून तुम्ही रस्त्यावरच्या जीपा मोजायचात, कोणाची सून कोणाबरोबर दवाखान्यात गेली ते मला संध्याकाळी सांगायचात. मी तुमची वेणी घालायचे, नळीखाली कानामागे पडलेल्या वळांना खोबरेल तेल लावायचे. तुम्ही म्हणायचात, हात हलका हाय तुझा, भाकरीवरबी हलकाच पडतो. भाऊजींचा फोन यायचा, "कसं काय मिलिंद?" मिलिंद सांगायचे, आहे तसंच आहे. मग पलीकडे थोडी शांतता. ती शांतता कसली होती ते आपल्या तिघांनाही कळत होतं.

आणि मिलिंद. त्यांच्यावर मी रागावून लिहीत नाही, जे होतं ते लिहिते. ते कृषी केंद्रात कामाला, सकाळी जाताना जिना उतरून अर्ध्या शटरपाशी थांबायचे. "माय, बरंय ना?" तुम्ही म्हणायचात, "बरं हाय." शटर अर्धं असल्यामुळे तुम्हाला त्यांचे फक्त बूट दिसायचे. वाकून आत यायला त्यांना नेहमी उशीर झालेला असायचा. आईची ती नळी बघवत नाही, असं ते मला म्हणायचे. मला बघवत होती असं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी शाळेतून येऊन सरळ तुमच्याकडे आले होते. तुमचे ओठ निळे पडले होते, डोळे वर लागले होते. मला वाटलं लाइट गेली. पण पंखा चालू होता, दिवा चालू होता. फक्त मशीनचं बटन बंद. मी दाबलं, मशीन सुरू झाली, तुम्ही हळूहळू माणसात आलात. तुमचा हात लागला असेल असं मी समजले. आणखी काही दिवसांनी पुन्हा तसंच. तेव्हाही पंखा चालू होता. मी मिलिंदला सांगितलं, बटनावर काहीतरी झाकण बसवून घेऊ या. ते हो म्हणाले आणि विसरले.

तिसऱ्या वेळी ते माझ्याआधी पोचले. मी शटरखालून वाकून आत आले तेव्हा त्यांनी तुम्हाला छातीशी धरलं होतं. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतात. श्वास पुरत नव्हता तरी तुम्ही म्हणालात, "हिनं बंद केलं. शाळेत जाताना हिनंच बंद केलं."

मिलिंदनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मी तिथंच सांगितलं की सकाळी बंद केली असती तर संध्याकाळपर्यंत या बोलायला राहिल्या असत्या का. बटन आत्ताच कोणीतरी दाबलंय, आणि इथं यांच्याशिवाय कोणी नव्हतं. मिलिंद म्हणाले, बराबर आहे. ते शहाणे आहेत, त्यांना ते पटलं. पण वर जेवायला बसलो तेव्हा अर्ध्या भाकरीवर त्यांनी विचारलं, "चुकून तुझा हात लागला असंल का?"

मी नाही म्हटलं.

"न्हाई, चुकून म्हणतो मी."

आत्याबाई, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. भांडणं झाली, माझी बदली झाली तेव्हा महिना महिना बोललो नाही. पण तो माणूस मला कधी घाबरला नव्हता. त्या दिवसापासून थोडा घाबरायला लागला. पाण्याचा ग्लास दिला तरी आधी ग्लासाकडे बघायचा. त्याला ते कळत नसेल. मला कळायचं.

तुम्ही मोठ्या मुलाला, अशोकला, फोन लाव म्हणून धरून बसलात. मिलिंदनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मी मुद्दाम तिथंच उभी राहिले. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही रडलात, आणि तुम्हाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणालात, "अशोक, ही मला मारून राह्यली रे. मशीन बंद करती. मला तुझ्याकडं घेऊन जाय. कुठीबी टाक, तुझ्या जिन्याखाली टाक."

तेव्हा मला सगळं कळलं. माझ्यावर तुमचा राग नव्हताच. मी खुनी ठरले की मोठ्या मुलाला यावंच लागेल, त्याला दुसरा रस्ता उरणार नाही, असं तुम्ही ठरवलं होतं. माझी शाळेतून यायची वेळ झाली की तुम्ही ते बटन दाबत होतात. मी जरा उशिरा आले असते, वाटेत कोणी भेटलं असतं, तर तुम्ही मेल्या असतात. एवढी मोठी पैज तुम्ही त्या मुलासाठी लावलीत.

फोनवर भाऊजी म्हणाले, "मिलिंद, बोर्ड उंच लाव. कोणाचाच हात जाणार न्हाई असा." आणि मग तुम्हाला, "माय, आता काळजी करू नको."

फोन संपला. मिलिंद तारेकडे, जाळीकडे बघायला लागले, बोर्ड कुठं बांधता येईल ते. तुम्ही डोळे पुसलेत, मला म्हणालात, "चहा ठेव." मी वर गेले आणि चहा ठेवला. तुमचा चेहरा मला परत बघायचा नव्हता. तुम्हाला माझा दाखवायचाही नव्हता, कारण मला आनंद झाला होता.

पुढच्या रविवारी सलीमभाईंनी फळी शटरच्या वरच्या अँगलला बांधली. मशीनची वायर पुरेना म्हणून मध्ये एक्स्टेंशन जोडलं. बटन दाबायला स्टुलावर चढावं लागायचं. सलीमभाई एवढंच म्हणाले, "आजीला पंखा तरी राहू दे हाताशी." मिलिंद माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, भाऊजींनी सगळा बोर्ड सांगितलाय.

थंडी सुरू झाली. सकाळी मशीनच्या गरमीनं तुम्हाला कोंदायचं, तुम्ही पंखा लाव म्हणायचात. मी लावून शाळेत जायचे. दुपारनंतर जाळीतून गार वारा यायचा आणि वरून पंखा तसाच फिरायचा. मी यायचे तेव्हा तुम्ही गोधडी डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. काही दिवस मी धावत आले. काही दिवस आधी वर गेले, हातपाय धुतले, पाणी प्यायले, मग खाली येऊन पंखा बंद केला. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. वर गेल्यावर माझ्या चपलांचा आवाज तुम्हाला खाली ऐकू येत होता, हे मला माहीत होतं.

अशाच एका संध्याकाळी मी तुमचे पाय चोळत होते. बर्फासारखे होते. मी विचारलं, "आत्याबाई, ते येणार नाहीत हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"व्हतं," तुम्ही म्हणालात. "तरीबी पाहू म्हनलं."

"मग माझ्यावर कशाला आळ घेतला?"

तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. "मंग कोनावर घेऊ? आळ घ्यायलाबी माणूस जवळ लागतं. अशोकच्या बायकोवर घेतला आस्ता, पर ती कवा आल्ती का?"

मी हसले. खरं सांगते, हसले, आणि तुम्हीही हसलात, मग खोकलात, मी पाठ चोळली. इतक्या वर्षांत आपण दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. मला वाटलं, संपलं. मी म्हटलं, मग एकदा यांना सांगून टाका. मी बंद केलं नव्हतं, एवढंच सांगा.

तुम्ही म्हणालात, "न्हाई सांगणार."

"काहून?"

"त्याला तुझा शक आला तवापसून त्यो खाली येतो. सकाळ-संध्याकाळ येतो, स्टुलावर चढून बटन पाहतो, माझ्यापाशी बसतो. शक गेला का पुन्हा बूटच दिसतील."

ते खरं होतं. मिलिंद रोज खाली यायला लागले होते. तुमच्या खाटेवर बसायचे, तुमचा हात हातात घ्यायचे, टेंभुर्णीच्या गोष्टी काढायचे. मला वाटत होतं, मुलाला उशिरा का होईना माया आली. ती माया नव्हती, पहारा होता. तुम्हाला फरक पडत नव्हता. तुम्हाला मुलगा शेजारी पाहिजे होता, आणि त्याची किंमत माझ्या संसारातून जात होती.

मी त्याच दिवशी मिलिंदना सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. त्यांचा चेहरा पडला, ते मला घेऊन खाली आले. त्यांनी तुम्हाला विचारलं, "माय, तू असं म्हणाली का हिला?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या डोळ्यांत काही लाज नव्हती, काही वैरही नव्हतं. म्हणालात, "मी कवा म्हनले? बघ, आता खोटंबी बोलून राह्यली."

मिलिंदनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे, कोण काय बोललं ते सोड. कोण काय बोललं. त्यात मीही आले.

त्यानंतरही मी तुमचं सगळं केलं. का केलं, हे मला विचारू नका. तुम्ही प्रज्ञाला वाढवलंत म्हणून असेल. किंवा मी थांबले असते तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं, म्हणून असेल. शेवटच्या संध्याकाळी मी भरीत दिलं होतं. तुम्ही दोन घास खाल्लेत, ताट सरकवलंत आणि म्हणालात, "खारट झालं." मला उद्देशून तुम्ही बोललेला तो शेवटचा शब्द.

सकाळी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही गेलेल्या होतात. मशीन चालू होती. नळीतून हवा येत होती, नाकापाशी बारीक आवाज होत होता, आणि तुम्ही ती घेत नव्हतात. मी कपाळाला हात लावला. मग जिन्यापाशी जाऊन मिलिंदना हाक मारली. माझ्या आवाजावरूनच त्यांना कळलं. ते अनवाणी धावत उतरले, शटरखालून वाकले, आत आले. आणि आत्याबाई, त्यांनी तुमच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी वर बघितलं. बोर्डाकडे. मशीनच्या बटनाचा लाल दिवा लागलेला होता. तो बघितला आणि मग ते तुमच्या अंगावर पडून रडले.

मी चहाचा कप हातात धरून उभी होते. तो दिवा बंद असता तर काय झालं असतं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. जाफराबादलाही लाइट कधीमधी जातेच. फ्यूज उडाला असता, सलीमभाईंची जोडणी सैल झाली असती, तर त्या सकाळी तुमच्या प्रेताशेजारी मी खुनी म्हणून उभी असते. तुमच्या मरणाचं दुःख मला नंतर झालं. आधी मला सुटल्यासारखं वाटलं.

काल मंडप आवरताना भाऊजी माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे अजून ओले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उषा, मधी जे झालं ते मी कोणालाच बोललो न्हाई. बाईमाणूस थकतं, मला कळतं. माझ्या मनात काही न्हाई." त्यांनी मला माफ केलं, आत्याबाई. माझ्या डोक्यावर हात ठेवून माफ केलं. प्रज्ञा जवळच सतरंज्या गोळा करत होती. तिनं ते ऐकलं. तिनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लोकांना वाटतं मी तुमच्यासाठी रडते. रडतेच आहे. मी ते बटन दाबलं नव्हतं हे जगात दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक तुम्ही होतात, आणि तुम्ही न बोलता निघून गेलात. आता मला एकटीलाच माहीत आहे, आणि माझं कोण ऐकतं. तुम्ही कितीही दुष्ट असलात तरी तुमच्यासमोर बसल्यावर मला काही सिद्ध करावं लागत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि तुम्हाला माहीत असायचं. तेवढ्यासाठी मला तुमची आठवण येते. खारट झालं म्हणायला का होईना, तुम्ही पाहिजे होतात.

आज आम्ही टेंभुर्णीहून परत आलो. मिलिंद खाली गेले ते बराच वेळ वर आले नाहीत, म्हणून मी चहा घेऊन गेले. मशीन कोणा गरजूनं नेली, त्यामुळे गॅरेजमध्ये इतकं शांत होतं की रस्त्यावरच्या जीपवाल्याची जालना, जालना अशी हाक आत ऐकू येत होती. ते तुमच्या खाटेवर बसले होते. कप घेतला. म्हणाले, "शेवटी तिला लई त्रास झाला असंल का?"

"नाही," मी म्हटलं. "झोपेतच गेल्या."

"तुला कसं माहीत?"

विचारलं आणि थांबले. आपण काय विचारलं ते त्यांना ऐकू आलं. त्यांनी कप फरशीवर ठेवला.

"तसं न्हाई म्हणत मी," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," मी म्हटलं आणि वर निघून आले. ते अजून खालीच आहेत, आत्याबाई. तुमच्या खाटेवर बसले आहेत आणि उठायचं नाव घेत नाहीत.